फुकटच्या चिपाडाचा हिशेब

चारबाग, लखनौ

चि. अनघा,

चिपाडावर बुरशी वाढवून एन्झाइम काढायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून आनंद झाला. फक्त ‘कच्चा माल फुकट’ या शब्दांवर मी अडलो. साखर कारखाना चिपाड बॉयलरमध्ये जाळतो, वीज करतो. तुला फुकट का देईल? खरं वाया जातं ते उसाचं पाचट, शेतातच पेटवतात ते. पण ते गोळा करणं, वाहणं, कुट्टी करणं यात पैसा जातो. शिवाय नुसत्या पाचटावर बुरशीला नायट्रोजन कमी पडतो, म्हणून गव्हाचा कोंडा मिसळावा लागेल, आणि त्याला गोठेवाले गिऱ्हाईक आहेतच.

पद्धत जुनी आहे. जोकिची ताकामिने यांनी १८९४ साली अमेरिकेत कोंड्यावर बुरशी वाढवून काढलेल्या एन्झाइमचं पेटंट घेतलं. अडचण तेव्हाही उष्णतेचीच, आजही तीच. बुरशी वाढताना तापते. थर जाड असला तर आतला भाग चाळीस अंशांपलीकडे जातो आणि बुरशी मान टाकते. फ्लास्कमधला मूठभर कोंडा आपोआप निवतो, म्हणून कॉलेजच्या प्रयोगात हे कधी कळत नाही. ट्रेमध्ये पातळ थर दे, दमट हवा खेळती ठेव. पाणी जास्त झालं की जिवाणू बाजी मारतात.

पावावर उगवलेली बुरशी वापरू नकोस; अ‍ॅस्परजिलस फ्लेवस निघाली तर अफ्लाटॉक्सिन पदरी पडेल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहातून शुद्ध वाण घे. आणि मास्क लाव, बीजाणू छातीत बसतात.

एन्झाइमांमध्ये सेल्युलेजच्या मागे सगळेच धावतात, तू झायलनेज कर. कागद गिरणीत त्याने लगदा पांढरा करायला क्लोरीन कमी लागतं. मात्र त्यात सेल्युलेज मिसळलेलं असेल तर तंतू कमजोर होतात आणि माल परत येतो. ट्रायकोडर्मा बुरशी दोन्ही बनवते, तेव्हा वाण निवडतानाच हे बघ. गिरणी किलो विचारत नाही, ग्रॅममागे एन्झाइमच्या क्रियेची युनिट किती ते विचारते.

भारतीय ऊस संशोधन संस्था इथे १९५२ पासून आहे. पाचटाबद्दल तिथल्या लोकांशी बोलायला ये. चारबागला उतर, मी घ्यायला येतो. येताना एखाद्या गिरणीकडून किती युनिटचा माल चालेल हे लेखी घेऊन ये. तोवर बँकेच्या कर्जाच्या कागदांवर सही करू नकोस.

तुझा,
मामा