पेशीतला बिघाड आणि प्रारब्ध

ऐन तारुण्यात जडलेल्या रोगाचे कारण शोधताना भारतीय परंपरा प्रारब्धाकडे, म्हणजे पूर्वजन्मींच्या साठलेल्या कर्मापैकी या देहात फळू लागलेल्या भागाकडे, बोट दाखवते. परंतु बहुधा विशी-तिशीत आढळणारा वृषणाचा कर्करोग या उत्तराची चांगलीच कसोटी पाहतो. या रोगाचे मूळ बहुतेक वेळा गर्भावस्थेतच असते: पुढे ज्यांच्यापासून शुक्राणू निर्माण व्हायचे त्या आदिम जननपेशींपैकी एखादी पक्व न होता तशीच अडकून राहते, तिच्यातील गुणसूत्रांची, म्हणजे आनुवंशिक द्रव्य वाहणाऱ्या तंतूंची, संख्या वाढते, आणि वयात येईपर्यंत ती निपचित पडून असते. पुढे ती आसपासच्या ऊतींत घुसू लागली की बाराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेच्या जादा प्रती तिच्यात जवळजवळ नेहमीच सापडतात. सुमारे 80 टक्के अर्बुदांत त्यांचे रूप ठरलेले असते: विभाजनाच्या वेळी गुणसूत्र उभे दुभंगण्याऐवजी दोन भुजा जिथे मिळतात तिथेच आडवे तुटते, लांब भुजा गळते, आणि दोन आखूड भुजा जोडल्या जाऊन दोन्हीकडून सारखे असे 'आयसोक्रोमोसोम' तयार होते. ॲटकिन आणि बेकर यांनी 1982 मध्ये ही खूण नोंदवली.

हा बदल आईबापांकडून आलेला नसतो, तो त्या पेशीतच घडतो; म्हणून शुक्र-शोणिताच्या दोषांतून उद्भवणाऱ्या रोगांसाठी सुश्रुताने योजलेला 'आदिबलप्रवृत्त' हा वर्ग त्याला नीट लागू पडत नाही, आणि रुग्णाच्या या जन्मीच्या वर्तनाशीही त्याचा धागा जुळत नाही. यावर कर्मवादी म्हणेल की हे 'कसे' याचे उत्तर झाले, 'याच देहात का' याचे नव्हे. आक्षेप रास्त आहे, कारण सूक्ष्मदर्शकाखाली हेतू दिसत नाही. पण जे स्पष्टीकरण कोणत्याही घटनेला तितक्याच सहजपणे लावता येते, त्याच्या बळावर कोणाला दोषी धरणे हा निव्वळ अन्याय होय, मग रुग्णाने स्वतःच्या समाधानासाठी त्याचा आधार घेतला तर भाग वेगळा.

चरकसंहितेच्या विमानस्थानात हा पेच अधिक प्रगल्भपणे हाताळला आहे. पूर्वदेहातले कर्म ते दैव आणि या देहातला प्रयत्न तो पुरुषकार, असे सांगून तेथे म्हटले आहे की बलवान पुरुषकार दुबळ्या दैवाला मागे सारतो, आणि आयुष्याची मर्यादा सर्वस्वी ठरलेली असती तर चिकित्साच व्यर्थ ठरली असती. शरीरभर पसरल्यावर पूर्वी बहुधा प्राणघातक ठरणारा हा कर्करोग, 1970 च्या दशकात सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमयुक्त औषध आल्यापासून, बहुसंख्य रुग्णांत पूर्ण बरा होऊ लागला. 1960 मधल्या आणि 1980 मधल्या रुग्णांच्या संचितात एवढे अंतर कोठून पडले, याचा जबाब कट्टर दैववाद्याला द्यावा लागतो, चरकाला नाही.