कुशावर्तातली पहिली बुडी

गोदावरी त्र्यंबकला कशी उतरली याची शिवपुराणातल्या कोटिरुद्रसंहितेतली कथा पुराणिक सहसा गौतमांच्या तपासाठी सांगतात. ती भांडणासाठीही वाचायला हवी. अवर्षण पडलं, गौतमांनी वरुणाला प्रसन्न करून न आटणारं पाणी मिळवलं, आसपासचे ऋषी कुटुंबकबिल्यासह तिथे येऊन राहिले; आणि थोड्याच दिवसांत पाणी आधी कोणी भरायचं यावरून ऋषिपत्नींची गौतमांच्या शिष्यांशी कुरबूर झाली. तक्रार नवऱ्यांपर्यंत गेली. त्यांनी गणपतीला गळ घातली, शेतात मायावी गाय शिरली, गौतमांच्या हातातल्या काडीच्या स्पर्शाने मेली, आणि ज्याच्या पाण्यावर सगळे जगले त्यालाच गोहत्येचा पातकी ठरवून आश्रमाबाहेर काढलं. त्या पातकातून सुटण्यासाठी गौतमांनी शंकराला आळवलं, म्हणून ब्रह्मगिरीवर गंगा आली. म्हणजे पुराणकारांच्या हिशेबीही या तीर्थाच्या मुळाशी तपस्व्यांची आपसातली चुरस आहे, आणि ती पाण्यापर्यंत आधी पोचण्यावरून आहे. रचणाऱ्याला माणसाची, आणि विशेषतः तपस्वी माणसाची, चांगली पारख असावी.

इतिहासाने ही कथा फार जड किंमत देऊन पुन्हा घडवली. 1789च्या सिंहस्थात त्र्यंबकला शैव गोसावी आणि वैष्णव बैरागी यांच्यात आधी स्नान कोणाचं यावरून लढाई जुंपली. पेशवेकालीन ताम्रपटाच्या आधारे मृतांचा आकडा 12 हजार सांगितला जातो. तो अतिशयोक्त मानला तरी संहार लहान नव्हता हे त्यानंतरच्या व्यवस्थेवरूनच कळतं. पेशवाईने दोघांना वेगळं केलं: शैवांनी त्र्यंबकला कुशावर्तात स्नान करावं, वैष्णवांनी नाशिकला रामकुंडात. आजही तेच चालतं. 13 आखाड्यांपैकी निर्मोही, निर्वाणी आणि दिगंबर हे तीन वैष्णव आखाडे नाशिकला असतात. जुना, निरंजनी, महानिर्वाणी, अटल, आनंद, आवाहन, अग्नी हे सात शैव आणि उदासीन-निर्मल परंपरेचे तीन असे दहा त्र्यंबकला.

प्रश्न असा की ज्यांनी सगळं सोडलं त्यांना पहिली बुडी कशाला हवी होती? संन्यासदीक्षेत विरजाहोम होतो, शेंडी-जानवं जातं, माणूस जिवंतपणी स्वतःचंच श्राद्ध करून घेतो. आईबापांनी दिलेलं नाव, गोत्र, गाव, जात सगळं त्या पिंडाबरोबर जातं. पण दुसऱ्याच क्षणी त्याला नवं नाव मिळतं, त्या नावाला गिरी, पुरी, भारती, सरस्वती अशी दहांपैकी एक पदवी जोडली जाते, तो एका मढीचा होतो, मढी एका आखाड्याची असते, आणि आखाड्याला स्वतःचं इष्टदैवत, स्वतःची धर्मध्वजा आणि जुनी वैरं असतात. गुरूच्या गुरूचं नाव सांगता येणं हीच त्याची नवी वंशावळ. कुळ सुटलं आणि कुळाचा साचा तसाच राहिला. 2021 साली अखिल भारतीय आखाडा परिषद फुटली तेव्हा दोन्ही गटांनी निवडलेल्या अध्यक्षांचं नाव रवींद्र पुरी असंच निघालं; एक निरंजनीचे, दुसरे महानिर्वाणीचे. नावावरून ओळख पटेना, ती आखाड्यावरूनच पटवावी लागली.

हे हिंदू संन्याशांचंच खास दूषण समजू नये. सोमाली समाज बहुतांश एका भाषेचा, एका धर्माचा, एकाच सुन्नी शाफी पंथाचा; तरीही तिथलं राजकारण दारोद, हविये, इसाक, दीर, रहनवेन अशा कुळांभोवती फिरतं आणि मुलांना पूर्वजांची नावं पिढ्यान्‌पिढ्या मागे मोजत पाठ करायला शिकवतात. या कुळांच्या पलीकडे जायचा मार्ग तिथे सूफी तरीक्यांनी, म्हणजे गुरुपरंपरांनी, काढला. निरनिराळ्या कुळांतले लोक एका शेखभोवती वस्ती करून राहत, शेती करत, आणि तिथे कुळापेक्षा तरीका मोठा ठरे. पुढे काय झालं? ब्रिटिशांशी वीस वर्षं झुंजलेले सय्यद महंमद अब्दुल्ला हसन सालिहिया तरीक्याचे. त्यांच्या अनुयायांनी 1909मध्ये कादिरिया तरीक्याचे थोर शेख उवेस अल-बरावी यांना ठार केलं. कुळ ओलांडण्यासाठी उभारलेली संस्थाच नवं कुळ झाली होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे खरे संन्यासी नव्हेतच, खरा परमहंस कुशावर्ताकडे फिरकणारही नाही. आक्षेपाला इतिहासाचा भरपूर आधार मिळेल. अठराव्या शतकातले गोसावी सावकारी करत, व्यापार करत, फौजा बाळगत. अनुपगिरी गोसावी 1761मध्ये पानिपतावर शुजाउद्दौल्याच्या बाजूने, म्हणजे मराठ्यांच्या विरुद्ध उभा होता, आणि 1803मध्ये इंग्रजांच्या. अशा माणसाच्या वैराग्याबद्दल शंका घेणं सोपं आहे. पण या आक्षेपाने प्रश्न सुटत नाही, नजरेआड होतो. एकट्या परमहंसाला संस्था लागत नाही हे खरं. पण तो परमहंस कसा झाला? कोणीतरी दीक्षा दिली, कोणीतरी मंत्र सांभाळून ठेवला, कुठल्यातरी मठाने दोन वेळची पंगत घातली. ज्ञान पुढे द्यायचं तर शिष्य हवेत, शिष्यांना छप्पर हवं, छपराला जमीन हवी, आणि जमीन आली की हद्द आली. संन्यास एका आयुष्यापुरता निष्ठारहित असू शकतो. परंपरा म्हणून तो निष्ठेशिवाय तीन पिढ्याही टिकणार नाही. म्हणून आखाडा असणं हा दोष मला वाटत नाही.

दोष आहे तो रांगेतल्या जागेला पुण्याची जागा मानण्यात. आणि ही समजूत आखाड्यांच्याच व्यवहाराने खोटी पडते. स्नानाचा क्रम प्रयागला एक, हरिद्वारला दुसरा. क्रम जर अध्यात्मातल्या उंचीचा असता तर नदी बदलली म्हणून तो बदलला नसता. तो ठरला वहिवाटीने, वाटाघाटींनी, कुठे कोणाची ताकद जास्त होती त्यावरून. मेळ्याच्या जागी कर आणि व्यवस्था कोणाच्या हातात, हाही त्यातला मोठा भाग होता. 1796ला हरिद्वारला शीख घोडदळाने गोसाव्यांची कत्तल केली तेव्हा वादामागे हाच वर्चस्वाचा मुद्दा होता. क्रम लागतोच, हजारो माणसं एका लहानशा दगडी कुंडात एकाच घटकेला उतरू शकत नाहीत. पण गर्दी आवरण्याच्या सोयीला मोक्षाचं प्रमाणपत्र समजलं की माणसं त्यासाठी मरायला तयार होतात.

आता पेशव्यांच्या तोडग्याकडे वळू, कारण खरा गुंता तिथे आहे. तोडगा शहाणपणाचा होता. रक्तपात थांबला, आणि ज्याने तो थांबतो त्याला तत्त्वज्ञानाच्या खुर्चीत बसून नावं ठेवू नयेत. पण वेगळं केल्याने भांडण मिटत नाही, ते जमिनीवर आखलं जातं. पंथांमधली रेषा सुमारे 28 किलोमीटरच्या रस्त्यात बदलली. 2015च्या सिंहस्थात पहिली दोन शाही स्नानं, 29 ऑगस्ट आणि 13 सप्टेंबरची, दोन्हीकडे एकाच दिवशी झाली. तिसरं नाशिकला 18ला, त्र्यंबकला 25ला. 2027साठीही तिसऱ्या स्नानाच्या तारखा 11 आणि 12 सप्टेंबर अशा वेगळ्या आहेत. 2025मध्ये राज्याने नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण नेमलं, आणि त्र्यंबकच्या साधूंनी आमचं नाव आधी हवं अशी मागणी लावून धरली. शैव-वैष्णव हा वाद आता नाशिककर-त्र्यंबककर असा झाला आहे. सोमालियातही हेच घडलं. 2000 साली जिबूतीतल्या आर्ता परिषदेत सत्तेची वाटणी साडेचारच्या सूत्राने झाली: चार मोठ्या कुळांना समान वाटा, बाकी सगळ्या अल्पसंख्याकांना मिळून अर्धा. त्याआधी 1991मध्ये सोमालीलँडने आणि 1998मध्ये पुंटलँडने आपापली चूल मांडली होती. कुळाला प्रांत मिळाला की निष्ठेला नकाशा मिळतो, आणि नकाशा पुसणं वंशावळ विसरण्याहून अवघड असतं.

कोणी म्हणेल, त्र्यंबकेश्वरातच याचं उत्तर आहे, निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी. ते नाथपंथी, आदिनाथ शंकरापासून मोजल्या जाणाऱ्या परंपरेतले. गहिनीनाथांनी त्यांना दीक्षा दिली ती ब्रह्मगिरीवर. आणि त्यांच्यासाठी पौष वद्य एकादशीला इथे येतात ते विठ्ठलाचे वारकरी. शैव गुरू आणि वैष्णव मेळा एकाच गावात, कोणाला 28 किलोमीटर लांब पाठवावं न लागता. हा दाखला मोलाचा आहे, पण त्यावरून वारकऱ्यांना क्रमाचं काही वाटत नाही असं अनुमान काढणं भोळेपणाचं होईल. आळंदीच्या पालखीत रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले आहेत, मानकरी ठरलेले आहेत, आणि मानावरून रुसवेही होतात. फरक इतकाच की तिथे दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात, पुढच्या दिंडीतला मागच्याच्याही. क्रम राहतो, आणि तो पुण्याचा क्रम नाही हे दिवसातून शंभर वेळा शरीराने कबूल केलं जातं. आखाड्यांच्या मिरवणुकीत असा नेम नाही. तिथे हत्ती, घोडे, रथ, शस्त्रं सगळी एकच गोष्ट बोलतात.

म्हणून प्राधिकरणाच्या नावाचा वाद ज्या भाषेत मांडला जातो ती भाषा मला मान्य नाही, वाद मात्र मान्य आहे. त्र्यंबकेश्वर लहान नगरपरिषदेचं गाव. दहा आखाडे तिथे उतरणार, आणि निधी, रस्ते, पाणी, वाहनतळ यांची चर्चा मात्र बरीचशी नाशिक महापालिकेभोवती चालते. या तक्रारीत तथ्य आहे आणि ती करायला कोणाला संन्यासी असण्याची गरज नाही. ती पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या आकड्यांत मांडावी, आणि सरकारनेही त्याच आकड्यांत उत्तर द्यावं. मूळ तीर्थ कोणतं, कोणाची परंपरा अस्सल, असा युक्तिवाद जोडला की सरकार पाण्याची योजना बाजूला ठेवून फलकावरच्या नावांची अदलाबदल करून मोकळं होतं.