शपथ पुरेशी आहे काय?

मद्यपान हे पाप की आजार, असा प्रश्न धर्मग्रामातील माताभगिनी आम्हांला वारंवार विचारतात. प्रश्न तात्त्विक वाटला तरी त्यामागे रिकामे डबे आणि मुलांचे घाबरलेले चेहरे उभे असतात. त्याचे उत्तर एकदा आम्ही उतावीळपणे दिले होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी एक भगिनी आपल्या पतीला आमच्याकडे घेऊन आली. तो वीस वर्षे रोज पीत होता. आम्ही त्याला क्रूसासमोर उभे करून ‘आजपासून थेंबही नाही’ अशी शपथ घ्यावयास लावली. त्याने ती प्रामाणिकपणे पाळली. तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले, भ्रम झाला, इस्पितळात न्यावे लागले. डॉक्टरांनी आम्हांला समजावले: दीर्घकाळ नित्य पिणाऱ्याचा मेंदू दारूशी जुळवून घेतो, ती एकाएकी तुटली की दोनतीन दिवसांत असे होऊ शकते आणि उपचार न मिळाल्यास प्राणही जातात. तो वाचला, ही देवाची कृपा. परंतु आमच्या अज्ञानाने त्याला मृत्यूच्या दारापर्यंत नेले होते.

मग हा केवळ आजारच म्हणावा काय? द्राक्षारसाचे सामर्थ्य ठाऊक नसताना नोहा झिंगला, तेथे पाप नसावे, असे संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात लिहून गेले. म्हणजे दोष ठरतो तो जाणिवेने आणि इच्छेने. सवय, भीती, आसक्ती यांमुळे कृत्याची जबाबदारी उणी होते, क्वचित नाहीशीही होते, असे १९९२ सालचा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथही सांगतो. मात्र तोच ग्रंथ मद्याचा अतिरेक टाळावयास बजावतो.

आम्हांला वाटते, व्यसनाने इच्छाशक्ती जखमी होते, मरत नाही. त्या गृहस्थाला एकट्याने दारू सोडणे शक्य नव्हते; पण पत्नीचा हात धरून आमच्या दारी येणे शक्य होते, आणि तो आला. त्याची जबाबदारी तेवढ्या मोकळ्या जागेत होती. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरी दोघा मद्यासक्तांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. तिची पहिली पायरी हीच आहे: मी एकटा हतबल आहे, ही कबुली.

ख्रिस्तसभेनेही ही दुर्बलता ओळखली आहे. ज्या धर्मगुरूला मद्याचा थेंबही घातक, त्याला बिशपांच्या परवानगीने मिस्सासाठी द्राक्षांचा न आंबवलेला रस वापरता येतो. २००३ साली रोमने हे पुन्हा स्पष्ट केले. वेदीवर जी करुणा आहे, ती आपल्या लग्नमंडपात का नसावी? ‘एकाने काय होते?’ म्हणून सावरलेल्या माणसाच्या हाती आपणच पेला देतो आणि तो पडला की आपणच त्याला नावे ठेवतो. तेव्हा त्या पापाचा वाटा कोणाचा? मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सर्वस्वी निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले. यकृत तर पुष्कळदा शेवटपर्यंत तक्रारही करीत नाही.

तो गृहस्थ पुढे दोनदा घसरला, तिसऱ्यांदा सावरला. आज अशी एखादी भगिनी दारी आली की आम्ही प्रथम त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जातो आणि नंतर क्रूसासमोर त्यांच्याबरोबर गुडघे टेकतो. शपथ मात्र आम्ही स्वतः घेतली आहे: पडलेल्याला एकटे न सोडण्याची.