जिथे थांबलो, तिथूनच पुढे



राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घेताना आपण प्रत्येकाने काही ना काही निश्चय केला होता. कोणी दारू सोडली, कोणी घरात रोज रोझरीची प्रार्थना सुरू केली, कोणी अबोला धरलेल्या शेजाऱ्याशी बोलायचे ठरवले. आज उपवासकाळाचा तिसरा रविवार. बरेचसे निश्चय याच सुमारास मोडतात. आणि एकदा मोडले की आपण म्हणतो, "जाऊ द्या फादर, आता पुढच्या वर्षी बघू." आज या 'पुढच्या वर्षी'विषयीच थोडे बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मी इंग्लंडमधील एका धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून सेवा केली. त्या देशाच्या नैऋत्य भागात समुद्राच्या कडेकडेने जाणारी एक पायवाट आहे, साऊथ वेस्ट कोस्ट पाथ. सॉमरसेटमधल्या माइनहेड गावी ती सुरू होते, डेव्हन आणि कॉर्नवॉलला वळसा घालते आणि डॉर्सेटमध्ये पूल बंदराच्या मुखाशी संपते. लांबी ६३० मैल, म्हणजे सुमारे १,०१४ किलोमीटर. वाटेतले सगळे चढ एकत्र केले तर एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळजवळ चौपट भरतात. एका दमात ती पुरी करणारे थोडेच. पुष्कळ जण सुट्टीत आठवडाभर चालतात आणि पुढचा टप्पा पुढच्या सुट्टीसाठी ठेवतात.

धर्मग्रामातले सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक मला माझ्या सुट्टीच्या दिवशी सोबत नेत. त्यांच्या नकाशावर चाललेला भाग पेन्सिलीने रंगवलेला असे आणि कडेला तारीख. एके दिवशी पावसाने झोडपले म्हणून आम्ही अर्ध्यातूनच बस पकडली. तीनच मैल राहिले होते. मी म्हटले, "तेवढेही रंगवून टाका." त्यांनी तो तुकडा कोरा ठेवला. पुढच्या आठवड्यात त्याच बसथांब्यावर उतरून आम्ही पुढे निघालो. बोलता बोलता कळले की, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे मध्ये त्यांची दोन वर्षे चालण्याविना गेली होती. "मग पुन्हा माइनहेडपासून सुरुवात केलीत?" मी विचारले. ते हसले. "कशाला? तेवढे तर मी चाललो होतो ना!"

बंधुभगिनींनो, सैतान आपल्याला या दोन्ही बाजूंनी फसवतो. कधी तो सांगतो, न चाललेली वाटही रंगवून टाक, कोणाला कळणार आहे? आणि आपण पडलो की तोच सांगतो, आता सगळे पुसले गेले, तुझे पंधरा दिवस फुकट गेले. पंधरा दिवस दारूला न शिवलेला माणूस सोळाव्या दिवशी पडला, तरी ते पंधरा दिवस तो चालला होता. देव ते पुसत नाही. पापनिवेदनाला येऊन त्याने तिथूनच पुढे निघायचे असते. संत थॉमस अक्वायनस या जगातल्या माणसाला 'वियातोर', म्हणजे वाटसरू म्हणतात. वाटसरू म्हणजे जो अजून पोहोचलेला नाही, पण वाटेवर आहे.

गणना या पुस्तकाचा तेहतिसावा अध्याय आपण सहसा वाचत नाही. त्यात नुसती गावांची यादी आहे. मिसरमधून निघालेल्या इस्राएल लोकांचे चाळीसहून अधिक मुक्काम परमेश्वराच्या आज्ञेवरून मोशेने लिहून ठेवले. आजच्या पहिल्या वाचनात जिथे लोक पाण्यासाठी कुरकुरतात आणि मोशेवर उठतात, ते रफीदीमही त्या यादीत आहे. लाजिरवाणा मुक्काम म्हणून देवाने तो गाळला नाही आणि त्या लोकांना परत मिसरलाही धाडले नाही. रफीदीमहून ते पुढे सीनायकडे निघाले.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू स्वतः वाटचालीने थकून याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. समोर आलेल्या शोमरोनी स्त्रीचे आयुष्य ठिकठिकाणी मोडलेले. "आधी सगळे निस्तर, मग ये," असे तो म्हणत नाही. ती जिथे उभी आहे तिथूनच, घोटभर पाणी मागून, तो सुरुवात करतो. मात्र तिच्या जीवनातला अवघड भाग तो टाळतही नाही.

आता माझेच सांगतो. वाडीच्या बांधावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा दोन वर्षे अबोला आहे. या उपवासकाळात दर रविवारी त्याला फोन करायचा, असा माझा निश्चय होता. पहिल्या रविवारी त्याने फोन उचलला नाही. दुसऱ्या रविवारी उचलला, शब्दाला शब्द लागला आणि मीच फोन ठेवला. मग मीही मनात म्हटले, पुढच्या वर्षी बघू.

तेव्हा त्या पायवाटेवरची अर्म नदी आठवली. तिथे पूल नाही, होडी नाही. ओहोटी पुरती लागली की तासाभरात पाण्यातून चालत पलीकडे जायचे. वेळ चुकली तर काठावर थांबायचे. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला भरती-ओहोटी शिकवायला नको. पण काठावर थांबणे वेगळे आणि घरी परतणे वेगळे. भावाच्या मनाची ओहोटी माझ्या हातात नाही. काठ न सोडणे माझ्या हातात आहे. आज मिस्सानंतर मी त्याला पुन्हा फोन करणार आहे. त्याच्यासाठी आणि माझ्यासाठी प्रार्थना करा.

येत्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला याल, तेव्हा तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानापाशी जरा थांबा. प्रभू तिथे पडतो. तिन्ही वेळा तो पडला तिथूनच उठतो आणि पुढच्या स्थानाकडे निघतो. तुमचा निश्चय मोडला असेल, तर आज संध्याकाळी तो पुन्हा हाती घ्या. कालवारीपर्यंत अजून वाट शिल्लक आहे आणि प्रभू आपल्या बरोबर चालतो आहे. आमेन.

ख्रिस्तात तुमचा,
धर्मगुरू