तेल बदलायची पाळी

आमच्या विहिरीजवळ निंबाच्या झाडाखाली एक ऑइल इंजिन चोवीस वर्षं बंद उभं होतं. पाचोऱ्याहून गिरणेच्या अंगाला आलं की आमचं गाव लागतं. १९७२च्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी, सोसायटीचं कर्ज काढून आमच्या वडलांनी आणि काकांनी मिळून ते घेतलं. वडलांना आम्ही आप्पा म्हणायचो, काकांना नाना. इंजिन पाच हॉर्सपॉवरचं. त्याआधी मोट होती. बैल दिवसभर धावेवर मागंपुढं करायचे तेव्हा कुठं चार वाफे भिजायचे. इंजिन आलं आणि कपाशीबरोबर लिंबाची बागही उभी राहिली. आमच्या दोन्ही घरांतली लग्नं, शिक्षणं त्या लिंबांवर झाली.

विहीर सामाईक, इंजिन सामाईक. चार दिवस त्यांची पाळी, चार दिवस आमची. ज्याची पाळी त्याचं डिझेल. कागदावर काही नव्हतं, तरी चोवीस वर्षं हे बिनबोभाट चाललं.

१९९८च्या मे महिन्यात नानांच्या पाळीत इंजिनातून खडखड आवाज आला आणि ते बंद पडलं. आप्पा म्हणाले, "तुझ्या पाळीत बंद पडलं, तू नीट कर." नाना म्हणाले, "तुम्ही आधीचे चार दिवस रात्रंदिवस ओढलं, म्हणून पडलं." दोघंही खोटं बोलत नव्हते. पण कोणीच मिस्त्री बोलावला नाही. महिन्याभरात दोन इलेक्ट्रिक मोटारी आल्या, पुढे दोन बोअर झाले. लग्नपत्रिका तिसऱ्याच्या हाती जायला लागली. आप्पा २०१५ला गेले. नाना अंत्ययात्रेला आले, शेवटपर्यंत थांबले, पण घरात आले नाहीत.

मी बाहेरगावी मास्तरकी केली आणि निवृत्त होऊन २०२२ला गावी आलो. एक दिवस भंगारवाला आला आणि किलोचा भाव सांगून उभा राहिला. माझ्या तोंडून 'नाही' निघून गेलं. मग कारण द्यावं लागलं. मी सांगितलं, शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. साप-विंचवाच्या अंधारात मोटार चालू करायला जाण्यापेक्षा इंजिन असलेलं बरं. हे कारण खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. डिझेलच्या आजच्या भावात कोण शेत भिजवतो? मला ते चालू झालेलं पाहायचं होतं. का, ते मलाच नीट कळलं नव्हतं.

भडगाव रोडवरचे एक म्हातारे मिस्त्री आले. हँडल लावून पाहिलं, तसूभर हललं नाही. ते म्हणाले, "सर, पिस्टन जाम आहे. सायलेन्सरच्या तोंडावर डबा नव्हता का?" पावसाळ्यात त्या नळीवर एखादा फुटका डबा पालथा घालावा, एवढी साधी गोष्ट. चोवीस पावसाळ्यांचं पाणी सरळ आत उतरलं होतं. दोन्ही घरांत डबे काही कमी नव्हते.

हेड काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून आठ दिवस ठेवलं. मग लाकडाचा ठोकळा ठेवून हलके हलके ठोके देत पिस्टन सोडवला. लायनर गंजून खड्डे पडले होते. पण खरा रोग खाली होता. चेंबर उघडलं तर तळाशी डांबरासारखा काळा गाळ. क्रँकमध्ये तेल जायला जे बारीक भोक असतं ते त्या गाळानं बुजलेलं. तेल पोचलं नाही म्हणून बेअरिंग जळालं, आणि बेअरिंग जळालं म्हणून इंजिन बंद पडलं. मिस्त्रींनी भोकात तार घातली आणि विचारलं, "याचं तेल शेवटचं कधी बदललं होतं?"

मी आठवून पाहिलं. तेल टाकताना मी दोघांनाही पाहिलं होतं. पाळी सुरू झाली की पट्टी काढून पाहायची, कमी असलं की भर घालायची. जुनं काढून नवं भरताना कोणालाच पाहिलं नव्हतं. भर घातली नाही तर आपल्याच पाळीत नुकसान. बदललं तर खर्च आज आपला, आणि फायदा पुढं कधीतरी, कदाचित दुसऱ्याच्या पाळीत. डिझेलची पाळी ठरली होती, पाण्याची ठरली होती. तेल बदलायची पाळी कोणाचीच नव्हती. खंडेनवमीला मात्र दोन्ही घरच्या बायका त्याच इंजिनाला हळदकुंकू लावायच्या, झेंडूची माळ घालायच्या.

म्हणजे दोन घरं चोवीस वर्षं ज्या प्रश्नावर अबोला धरून होती, तो प्रश्नच चुकीचा होता. कोणाच्या पाळीत बंद पडलं? चूक वर्षानुवर्षं साचत जाते आणि एका दिवशी बाहेर येते. भांडणारा तो दिवस धरून बसतो. मिस्त्रीला तसं बसता येत नाही, त्याला मागची सगळी वर्षं उघडून पाहावी लागतात.

मी तो गाळ एका डब्यात काढून ठेवला. आता नानांना सांगायचं का? ते शहाऐंशी वर्षांचे. आप्पा नाहीत, आपली बाजू मांडायला येणार नाहीत. 'दोघांची चूक होती' असं म्हणताना अर्धी चूक मी गेलेल्या बापाच्या माथी मारणार, आणि उरलेली अर्धी एका म्हाताऱ्याच्या. इंजिनातला गाळ तसाच ठेवून झाकण लावता येत नाही. पण माणूस म्हणजे इंजिन नव्हे. उघडलेला माणूस परत जोडता येईलच असं नाही. चार-सहा दिवस मी याच विचारात काढले.

त्यात चुलतभावानं बांधावरून हसत हसत विचारलं, "इंजिन चालू करताय म्हणे. अर्धं आमचं आहे, ध्यानात आहे ना?" मला राग आला. पिस्टन-लायनर नवं, बेअरिंग नवं, क्रँक घासून आणलेला, नोझल बदललेलं, पंप कॅलिब्रेट केलेला. साडेचौदा हजार मी एकट्यानं घातले होते. जुनं राहिलं काय? ओतीव सांगाडा आणि फ्लायव्हील.

ग्रीक लोकांत थिसियस नावाच्या वीराच्या जहाजाची गोष्ट आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जपून ठेवलं. फळी कुजली की ती काढून नवी बसवायची. असं करत करत सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच का दुसरं? प्लुटार्क सांगतो की यावर विद्वानांत दोन तट होते. वर्गात ही गोष्ट सांगताना मी मुलांना मजेत वाद घालायला लावायचो. आता तो वाद माझ्या खळ्यात आला होता. 'दुसरं' म्हटलं तर माझे पैसे वाचत होते, आणि भावाचा हक्क जात होता.

क्रँक आणायला पाचोऱ्याला गेलो तेव्हा स्टेशनाकडं चक्कर झाली. आमची पीजे, पाचोरा-जामनेरची अडीच फुटी रुळांची गाडी, मार्च २०२०च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. आता तिथं ब्रॉडगेज व्हायची आहे. रूळ नवे, डबे नवे, इंजिन नवं. तरी ती शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला गेली तर लोक तिला पीजेच म्हणणार. कारण पीजे म्हणजे नुसते रूळ आणि डबे नव्हेत. ती कुठून कुठं जाते आणि कोणाला नेते, यावर तिचं नाव ठरलं आहे. मग आमचं इंजिन तरी लोखंडावर कसं मोजायचं? ते दोन घरांचं पाणी काढायला आणलं होतं. पैसे माझे लागले असतील, तो हिशेब वेगळा मांडता येईल. नव्या पिस्टननं इंजिन माझ्या एकट्याचं होत नाही. आणि मला ते एकट्याला चालूच करायचं नव्हतं, हेही तेव्हाच कळलं.

संध्याकाळी मी नानांच्या ओट्यावर गेलो. किती वर्षांनी, ते मोजलं नाही. गाळाचा डबा पुढं ठेवला आणि मिस्त्री जे बोलले ते सांगितलं. कोणाची चूक हे मी बोललो नाही. नानांनी बोटावर गाळ घेतला, अंगठ्यानं चोळून पाहिला. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मनी बी चूक व्हती, भो. आप्पाले सांगानं राही गयं."

मी योग्य केलं का? अजून सांगता येत नाही. ते समजून जगण्याइतकी वर्षं त्यांच्याजवळ नव्हती, असं घरातल्या काहींचं म्हणणं आहे. मला वाटतं, आप्पांना कोणी असा डबा आणून दाखवला असता तर त्यांनी तो पाहिला असता. तो दाखवणारा मी असायला हवा होतो, २०१५च्या आधी. मीही माझी पाळी नाही म्हणून बसलो होतो.

इंजिन चालू केलं त्या दिवशी नाना खाटेवर बसून होते. चुलतभावानं हँडल फिरवलं, वेग आल्यावर मी लिव्हर पाडली. दोनदा नुसताच धूर निघाला. तिसऱ्यांदा धरलं. नानांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "नोझल जरा ठोकतंय." मिस्त्री हसले. नोझल खरंच ठोकत होतं.

त्यावर फारसं शेत भिजत नाही. महिन्यातून दोनदा, लाइट नसली की लावतो. भावानं त्याच्या वाट्याचे पैसे दिले, तेही दोन हप्त्यांत, आणि बिलं तपासून. सायलेन्सरवर डबा त्याच्याच घरचा आहे. खंडेनवमीला आता आधी जुनं तेल काढतो, नवं भरतो, वहीत तारीख टाकतो आणि खाली दोन्ही घरच्या सह्या करतो. हळदकुंकू त्यानंतर.