नग मोजून वाण होत नाही

सगळ्याजणी इकडे लक्ष द्या. शाळा सुटून तुम्हाला कितीतरी वर्षं झाली, आता तुमचीच मुलं शाळेत जातात, तुम्ही सोसायटीच्या कमिटीवर बसता. तरी चुकलात तर कान धरायचा माझा हक्क संपलेला नाही. तुमच्या ग्रुपवरचा निरोप माझ्यापर्यंत पोचला आहे. 'यंदा हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं? नगाला पन्नास रुपये, नग साठ. पटापट सुचवा.' आणि खाली तुमची उत्तरं: प्लॅस्टिकचे डबे, केसांच्या क्लिपा, चहाच्या गाळण्या, मोबाइल ठेवायचे स्टँड. ज्या साठजणींना हे द्यायचं, त्यांच्यापैकी कुणाला काय लागतं, हे एकीनेही विचारलं नाही.

गणित तुम्हाला मीच शिकवलंय ना? मग मांडा. साठ घरांच्या सोसायटीत साठहीजणींनी आपापलं हळदीकुंकू केलं आणि प्रत्येकीने बाकीच्या एकोणसाठजणींना एकेक वस्तू दिली, तर रथसप्तमीपर्यंत त्या एका आवारात 3540 वस्तू फिरतात. गरज नसताना आणलेल्या 3540 वस्तू! आणि प्रत्येकीच्या स्वयंपाकघरातलं वरचं कपाट आधीच गेल्या वर्षीच्या वाणाने भरलेलं. दार उघडलं की डबे अंगावर येतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तुम्ही रविवार पेठेत बोहरी आळीत जाता, घाऊक भावात पुडकी उचलता आणि घासाघीस करून चार रुपये वाचवले म्हणून खूश होता. त्यातली एक क्लिप हातात घेऊन नीट बघा. वर प्लॅस्टिक, आत लोखंडी स्प्रिंग, त्यावर गोंदाने चिकटवलेले खडे. चार दिवसांत खडे गळतात, आठवड्यात स्प्रिंग निसटते. मग ती दुरुस्त होत नाही आणि भंगारवालाही घेत नाही, कारण प्लॅस्टिक, लोखंड आणि खडे सुटे करत बसणं कुणालाच परवडत नाही. ज्या चमकत्या कागदात ती गुंडाळली, तो मुठीत घट्ट चुरगळा आणि मूठ उघडा. साधा कागद चुरगळलेला राहतो. हा पुन्हा फुलून आला, तर तो प्लॅस्टिकचा आहे. तो रद्दीतही जात नाही.

मग तो जातो कुठे? तुमच्या दाराशी रोज सकाळी कचरा न्यायला बाई येते ना, तिच्या हातात. 1993 साली आपल्या पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्यांना कामगार म्हणून ओळख मिळावी, म्हणून ती लढली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून ती घरोघरचा कचरा गोळा करते. तिच्या सभासदांत बहुतेक बायका आहेत. तुम्ही दरमहा देता ते शुल्क आणि वेचलेला सुका माल विकून येणारे पैसे, यावर त्यांची घरं चालतात. तुमची क्लिप आणि तो कागद त्यांच्या पिशवीत नुसता भार होतो. तुम्ही मैत्रिणीला दिलेलं वाण शेवटी या बाईच्या गळ्यात पडतं. तिला ना हळदीकुंकवाचं बोलावणं, ना तिळगूळ.

आणि तिलाही जे विकता येत नाही, ते शहराबाहेर. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला. त्यांच्या विहिरींचं पाणी नासलं, श्वास घेणं कठीण झालं, म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तेव्हा तुम्ही 'आमचा कचरा उचलला जात नाही' म्हणून तक्रारी करत होता. आपल्या सणाचा उकिरडा दुसऱ्याच्या गावात टाकायचा आणि 'गोड बोला' म्हणायचं, याची लाज वाटली पाहिजे.

आता कुणीतरी म्हणेल, 'बाई, आम्ही तर यंदा इको-फ्रेंडली वाण ठरवलंय, कापडी पिशव्या.' आधी ती पिशवी बोटांनी ताणून बघा. आडवे-उभे धागे दिसत नसतील, तर ते कापड नव्हे, पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लॅस्टिकच. आणि पिशवी खरी सुती असली तरी घरात आधीच दहा-बारा पडल्या असताना आणखी एक कशाला? रोप वाटायचं म्हणाल, तर ज्या घराला बाल्कनी नाही, त्या घरी ते पाठवणं म्हणजे बहुतेकदा ते मारणंच. पुठ्ठ्याचा खोका आणि हिरवं लेबल लावून घाऊक हाव पवित्र होत नाही.

संक्रांतीचं वाण तुमच्या आज्यांनी काय दिलं होतं ते आठवा. कुंभाराकडचं सुगड, त्यात ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, तीळ. शेतात त्या वेळी जे पिकलं, तेच ओटीत. सण झाला की खाल्लं, संपलं. मागे राहिली ती माती. ही रीत दरिद्री नव्हती, शहाणी होती. तुम्ही ती बदललीत, कारण पन्नास रुपयांची वस्तू 'दिसते' आणि मूठभर बोरं दिसत नाहीत.

मुलग्यांनो, तुम्ही मान वळवू नका. हळदीकुंकू बायकांचं म्हणून तुम्ही सुटला नाहीत. दिवाळीला ऑफिसातून सुक्या मेव्याचे खोके तुम्हीच वाटता. हातभर खोका, आत मूठभर बदाम, मध्ये मखमली कापड लावलेला प्लॅस्टिकचा साचा. तो न उघडताच पुढच्या घरी जातो, तिथून आणखी पुढे, आणि कुणीतरी उघडतं तेव्हा बदाम खवट झालेले असतात. मिठाईच्या खोक्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळायला 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. खरेदी करताना तुमच्यापैकी किती जणांनी दुकानदाराला हे सुनावलं? कायदा पाळायचा तो फक्त दुकानदारानेच का?

आता पुन्हा संक्रांतीकडे या. याच पुण्यात 1852 च्या संक्रांतीला सावित्रीबाई फुल्यांच्या महिला सेवा मंडळाने तिळगुळाचा समारंभ ठेवला होता. त्याचं मोठेपण वाणात नव्हतं. कोणत्याही जातीची बाई आली तरी सगळ्याजणी एकाच जाजमावर बसणार होत्या, हे त्याचं मोठेपण. त्या काळात असं बोलावणं धाडायला छाती लागत होती. तुम्हाला आज काही सोसायचं नाही, तरी तुमच्या जाजमावर दाराशी येणारी कचरावेचक बाई नसते, धुणंभांडी करणारी नसते आणि नवरा गेलेली शेजारीणही नसते. वस्तू साठ आणता, पण माणसं निवडून बोलावता. माझा खरा राग याच्यावर आहे.

तेव्हा यंदा काय करायचं ते ऐका, आणि पळवाटा काढू नका. साठ घरांचं मिळून एकच हळदीकुंकू करा. तिळगूळ घरी वळा, बोरं आणि ओंब्या मंडईतून आणा. उरलेल्या पैशांतून सगळ्यांच्या कामाची एखादी गोष्ट घ्या किंवा कुणा एका मुलीच्या वह्या-पुस्तकांची सोय करा. मैत्रिणीला स्वतंत्र काही द्यायचंच असेल, तर तिला काय लागतं ते तिलाच विचारा. दिवाळीला एखाद्या आप्ताला वर्षानुवर्षं वापरता येईल असं द्यायचंय? कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोडीने ठोकून घडवलेली तांब्याची भांडी मिळतात. वही द्यायचीय? 1940 पासून चालत आलेली शिवाजीनगरची हातकागद संस्था आहे. गेल्या वर्षीचं न वापरलेलं वाण कपाटातून काढा आणि ज्यांना हवं त्यांना उघडपणे द्या. त्यात कमीपणा नाही. आणि हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं तुमचा कचरा उचलणाऱ्या बाईला, दारात उभं करून नव्हे, घरात बसवून.

एवढं करूनही बोहरी आळीत पाय वळलेच, तर वस्तू हातात घेतल्यावर थांबा. ही कुणासाठी, आणि ती बाई हिचं काय करणार, हे स्वतःला विचारा. उत्तर आलं तर पैसे द्या. नाही आलं, तर वस्तू जागेवर ठेवा आणि घरी या.