शेजारणीचे ताट आणि आमची साक्ष

आमच्या संडे स्कूलच्या एका शिक्षिकाबाईंनी मागे आम्हांला एक प्रश्न विचारला होता. रमजानच्या महिन्यात मुसलमान शेजाऱ्यांच्या घरून जे खाण्याचे जिन्नस येतात, ते आपल्या मुलांनी खावेत की खाऊ नयेत? आम्ही लगेच करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय उघडला. समोर वाढलेले अन्न फार चौकशी न करता खावे, असे प्रेषित पौल तेथे सांगतो, हे बाईंना दाखवले आणि विषय संपवला. पण त्या ताटाविषयीचा खरा प्रश्न वेगळाच आहे, हे पुढे आम्हांला मोठ्या लाजिरवाण्या रीतीने कळले. ताटातले खावे की नाही, हा तो प्रश्न नव्हे. ताट पाठवणाऱ्या बाईविषयी आपण काय बोलतो, हा तो प्रश्न होय.

आम्ही इंदूरचे. होळकरांच्या काळापासून येथे मराठी माणसे नांदत आली आहेत, आणि येथे राहून शेवेवाचून राहणे कोणालाच जमलेले नाही. येथे सकाळच्या पोह्यांवरही शेव लागते. आमच्या घरापासून दोन घरे सोडून एक मुसलमान बाई राहतात. वयाने त्या आम्हांहून वडील, म्हणून आम्ही त्यांना आपा म्हणतो. घरी शेव व पापडी करून, ती किलोवर विकून त्यांनी दोन मुले शिकवली. बेसन बारीक चाळून घ्यायचे, त्यात लवंगा, मिरे व ओवा कुटून घालायचा, हिंगाचे पाणी, तिखट आणि कडकडीत तेलाचे मोहन घालून सैलसर पीठ मळायचे, मग सोऱ्याने कढईत एकच फेर धरायचा. आधी लवंग कळावी आणि तिखट मागाहून, हे त्यांचे शेवेचे माप. रमजानात संध्याकाळी त्यांच्याकडून ताट येते; त्यात भजी, मसाल्याचे चणे आणि ही शेव असते. नाताळात त्याच ताटात आमच्या करंज्या व चकल्या जातात. इतक्या वर्षांत ते ताट कोणत्याही बाजूने रिकामे परतले नाही.

एकदा संडे स्कूलच्या शिक्षकांची सभा आमच्या घरी होती. चहाबरोबर आपांच्या घरची शेव ठेवली होती. बोलता बोलता विषय निघाला आणि आम्ही, धर्मशास्त्राची पदविका घेतलेले व उपासनेत उपदेश करणारे आम्ही, मोठ्या ठामपणे बोललो, की काहीही म्हणा, त्यांच्यात बाईला किंमत नाही. तीन शब्द उच्चारले की बाई रस्त्यावर. सर्वांनी माना हलवल्या. एकाने आणखी थोडी शेव घेतली. इतक्यात दाराकडे लक्ष गेले, तो आपा आपला रिकामा डबा न्यायला आलेल्या. त्यांनी सारे ऐकले होते. त्या एवढेच म्हणाल्या, “शेव फार तिखट तर नाही ना झाली?” आणि डबा न घेताच परत गेल्या.

दोन दिवसांनी आम्ही पत्नीला बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेलो. क्षमा मागितली. त्यांनी बसायला सांगितले, पाणी दिले आणि मग आपल्या हिंदीत जे बोलल्या, त्याचा आशय असा: “भैया, तुम्ही खोटे बोलला नाहीत. मला माझ्या नवऱ्याने तसेच सोडले. पण ते दुःख माझे आहे. मी दाराबाहेर असताना माझीच शेव खाऊन ते सांगायचे तुम्हांला काय कारण? आणि सांगायचेच होते तर पुरते सांगायचे. ही ज्या खोलीत मी शेव तळते, ती माझ्या वडिलांच्या घरातला माझा हिस्सा आहे. भावाच्या निम्मा मिळाला, पण मिळाला. तो भावानेच स्वतः माझ्या नावावर करून दिला. तुमच्या बहिणींचे काय?”

या प्रश्नावर आम्ही निरुत्तर झालो. का झालो ते शेवटी सांगू. आधी आम्ही जे बोललो होतो, ते नीट तपासणे भाग आहे.

ते निव्वळ असत्य नव्हते, हे खरे. याच आमच्या इंदूर शहरात शाहबानो नावाची एक बाई राहत होती. तिचे लग्न १९३२ साली झाले. पाच अपत्ये झाल्यावर १९७५ साली वकील असलेल्या पतीने तिला घराबाहेर काढले. १९७८ साली तिने पोटगीसाठी न्यायालयात अर्ज केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पतीने तिला तलाक दिला. खालच्या न्यायालयाने तिला महिना २५ रुपये ठरवून दिले. १९८० साली उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. एवढ्या रकमेसाठी पती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २३ एप्रिल १९८५ रोजी तेथे शाहबानोच्या बाजूने निकाल झाला. त्या निकालात न्यायाधीशांनी कुराणातील आयतींचाही आधार घेतला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुढे समाजाच्या दडपणाखाली त्या वृद्ध स्त्रीने आपला हक्क सोडल्याचे जाहीर केले, आणि १९८६ साली संसदेने वेगळा कायदा केला. तोंडी तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, आणि तो गुन्हा ठरवणारा कायदा २०१९ साली झाला. तेव्हा मुसलमान स्त्रीवर अन्याय झालाच नाही, असे आम्ही म्हणत नाही. आपासुद्धा तसे म्हणत नाहीत.

पण या हकिकतीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हा लढा कोणी लढवला? मुसलमान स्त्रियांनीच. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, त्यात सात मुसलमान स्त्रिया होत्या. फक्त सात, पण त्या रस्त्यावर उतरल्या. २०१७ चा निकाल मिळवणाऱ्या अर्जदारांतही मुसलमान स्त्रियाच होत्या. आणि आमच्या शेजारच्या भोपाळ संस्थानात १८१९ ते १९२६ या काळात बहुतेक वर्षे एकामागून एक चार बेगमांनी कारभार केला. त्यांतल्या शेवटच्या सुलतान जहान बेगम या १९२० साली अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. “त्यांच्यात बाईला किंमत नाही” या एका वाक्यात या सर्व स्त्रिया पुसल्या जातात. अन्याय करणाऱ्याला आपण नाव ठेवू गेलो, आणि पुसली गेली ती अन्यायाशी झगडणारी बाई.

आता आपल्या घराकडे पाहू. ख्रिस्ती स्त्रीला आपल्यात किती किंमत होती? १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा सिद्ध केला की घटस्फोट मिळे. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला त्याने केलेला छळ, दोन वर्षांचा त्याग किंवा असेच आणखी काही सिद्ध करावे लागे. हा भेद २००१ साली कायदा बदलला तेव्हा गेला. म्हणजे १३२ वर्षे आमच्या किती भगिनी मार खाऊनही कायद्याने बांधलेल्या राहिल्या असतील! आणि केरळातील त्रावणकोरच्या ख्रिस्ती लोकांचा १९१६ चा वारसा कायदा पाहा. बापाने मृत्युपत्र केले नसेल, तर मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा ५००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. कुराणाच्या चौथ्या सूऱ्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सांगितला आहे. तो अपुरा म्हणून आम्ही नावे ठेवत होतो, तेव्हा आमच्यात कोठे कोठे मुलीला पावही मिळत नव्हता. मेरी रॉय या ख्रिस्ती बाई आपल्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये तो कायदा गेला. ज्या वर्षी शाहबानोच्या निकालावरून देशभर वादळ उठले होते, त्याच वर्षी एक ख्रिस्ती लेकही बापाच्या घरातला वाटा मागत न्यायालयात उभी होती. पहिल्या गोष्टीवर आमच्या सभांत किती चर्चा झाली, आणि दुसरीवर किती?

वाचकहो, कुसळ आणि मुसळ यांचा दाखला आपण मुलांना पाठ करून देतो. पण मुसळ आपल्या डोळ्यांत असते, याचा अर्थ दुसऱ्याच्या डोळ्यांत कुसळ नसतेच असा होत नाही. प्रभूने ते काढू नये असेही म्हटले नाही. आधी आपले काढावे, म्हणजे स्पष्ट दिसेल, असे सांगितले. तेव्हा दुसऱ्या धर्मातील अन्यायाविषयी गप्प बसावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. बोलण्याची रीत मात्र शिकली पाहिजे, आणि ती योहानाच्या चौथ्या अध्यायात आहे. प्रभू विहिरीवर त्या शोमरोनी स्त्रीच्या हातचे पाणी आधी मागतो. मग तिच्या पाच नवऱ्यांविषयी बोलतो. पण तिच्याशी बोलतो, तिच्याविषयी नव्हे. शिष्य गावातून परतले, तेव्हा त्याने ती गोष्ट त्यांच्यापुढे चघळली नाही. आम्ही याच्या नेमके उलट केले. ताट घेतले, आणि बोललो पाठीमागे. खोटी साक्ष म्हणजे केवळ असत्य बोलणे नव्हे. शेजाऱ्याविषयीच्या सत्यातला आपल्याला सोयीचा तेवढाच तुकडा सांगणे, हीसुद्धा खोटी साक्षच होय.

हागारेची गोष्ट आठवा. घराबाहेर काढलेली ती स्त्री, खांद्यावर भाकरी व पाण्याची मसक, बरोबर लेकरू. तिला काढले ते कोणा परक्याने नव्हे, ज्याला आपण विश्वासणाऱ्यांचा पिता म्हणतो त्या अब्राहामाने. आणि रानात मुलाचा आवाज ऐकून देव तिच्याकडे धावला. मुसलमान लोक तिला हाजिरा म्हणतात. मक्केस जाणारा प्रत्येक यात्रेकरू, पुरुष असो वा स्त्री, सफा व मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतो, ते पाण्यासाठी धावलेल्या त्याच आईची आठवण म्हणून. टाकलेल्या बाईचे अश्रू दोन्ही घरांच्या पायात आहेत. एका घराने दुसऱ्याला हिणवावे, अशी ही गोष्ट नाही.

आता आपांच्या प्रश्नाविषयी. आमचे वडील वारले, तेव्हा मागे एक घर राहिले. आम्हां ख्रिस्ती लोकांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा मुलगा व मुलगी असा भेद करीत नाही. पण आम्ही आमच्या दोन्ही बहिणींना बोलावले, हक्कसोडपत्र पुढे ठेवले, आणि त्यांनी न वाचता सह्या केल्या. धाकटीने तर विचारलेसुद्धा, “दादा, इथेच ना?” त्या रविवारी आम्ही मंडळीत शेजारप्रीतीवर उपदेश केला होता. घर आमच्या नावावर झाले, आणि त्यात काही वावगे आहे असे आम्हांला कधी वाटले नाही. एक मुसलमान शेजारीण विचारीपर्यंत.

आम्ही दोघी बहिणींना पत्र लिहिले आहे. घराची किंमत करून त्यांचा वाटा देण्याचे कबूल केले आहे. पैसा कोठून उभा करावा, ही चिंता आहे. मोठीचे उत्तर आले, की जाऊ दे, भावाकडून काय घ्यायचे. धाकटीचे अजून आलेले नाही. ते काय येईल याची आम्हांला धास्ती वाटते, आणि तशी वाटणे योग्यच आहे.

आपांकडे त्यानंतरच्या रमजानात ताट येईल की नाही, याची आम्हांला खात्री नव्हती. पहिले तीन दिवस आले नाही. चौथ्या संध्याकाळी त्यांचा नातू ताट घेऊन आला. शेव नेहमीसारखीच होती, आधी लवंग आणि मागून तिखट. संडे स्कूलच्या बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर आता आम्ही सांगू: बाई, मुलांना जरूर खाऊ द्या. फक्त खाताना त्या घराविषयी काय बोलले जाते, याकडे लक्ष ठेवा. आणि त्या ताटात परत काय पाठवायचे, याचाही विचार करून ठेवा.